मोन्सान्तो : एकाच कौलाचं गाव



पोर्तुगाल म्हटलं की आपल्या गोवेकरांना लिस्बन तेवढं आठवतं. कुणाचा ना कुणाचा पुतण्या तिथं असतोच. मी मात्र सांगणार आहे ते स्पेनच्या सीमेजवळच्या मोन्सान्तोबद्दल. लिस्बनहून मोटारीनं तीनेक तासांवर, ७५८ मीटर उंचीच्या डोंगरावर हे खेडं आहे. ग्रॅनाइटच्या अजस्र धोंड्यांमध्ये घरं दाटीवाटीनं शिरून बसली आहेत. कुठं दोन भिंती माणसानं बांधलेल्या, बाकीच्या धोंड्यांच्याच. कुठं अख्खी शिळा म्हणजेच छप्पर. अशाला तिथले लोक ‘एकाच कौलाचं घर’ म्हणतात.

१९३८ साली सालाझारच्या प्रचार खात्यानं ‘सर्वांत पोर्तुगीज खेडं’ निवडायची स्पर्धा घेतली. मोन्सान्तो जिंकलं, बक्षीस चांदीचा कोंबडा! त्याची प्रतिकृती मनोऱ्यावर आजही आहे. हेच सरकार तेव्हा आपल्याही डोक्यावर होतं. लग्नपत्रिकासुद्धा आधी सेन्सॉरला दाखवावी लागे. तेव्हा त्या कोंबड्याचं कौतुक मला काही जमलं नाही. पुढं चाळीसच्या दशकात फेर्नांदु नामोरा हा तरुण डॉक्टर इथं राहिला, घरोघरी रोगी तपासले. खेड्यातल्या डॉक्टरकीवरचं त्याचं पुस्तक १९४९ साली आलं आणि गाजलं. बक्षीस देणाऱ्यांना जे देखणं वाटलं, त्याच्या आतली गरिबी त्यानं पाहिली होती. शिळेखाली राहायची हौस कुणाला असते?

मला भावल्या त्या तिथल्या बाया. त्यांचं वाद्य ‘अदूफ’. चौकोनी, दोन्ही बाजूंनी कातडं मढवलेलं, अरबांच्या काळापासूनचं. एक आजीबाई उंबऱ्यावर ‘माराफोना’ बाहुल्या करत होत्या. लाकडाचा क्रूस, त्यावर रंगीत चिंध्या. तोंड, डोळे, कान काहीच नाही. लग्नाच्या रात्री ही बाहुली नवदांपत्याच्या पलंगाखाली ठेवतात. ती बघत नाही, ऐकत नाही, कुणाला सांगत नाही! विजांच्या वेळीही ती घर राखते म्हणे.

जवळच्या पेन्या गार्सियात खडकावर कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या सागरी प्राण्यांचे सरपटल्याचे ठसे आहेत. गावकरी त्यांना ‘चितारलेले साप’ म्हणत.

मेच्या सुरुवातीला मोन्सान्तोत क्रुसांचा सण असतो. दंतकथा अशी : वेढ्यात उपासमार झाली, तेव्हा लोकांनी शेवटचा गहू वासराला चारला आणि ते तटावरून खाली फेकलं. किल्ल्यात धान्य मुबलक आहे असं समजून शत्रू निघून गेला. आता वासराऐवजी फुलांनी भरलेलं मडकं फेकतात. तरुण मंडळी पोटासाठी लिस्बनला, फ्रान्सला गेली. बरीच घरं कुलूपबंद आहेत. पण त्या दिवशी अदूफ वाजवत बाया किल्ल्यावर चढतात. आजीबाईंनी आपला अदूफ मला दाखवला. अंगठ्यांवर तोलून बोटांनी वाजवायचा. माझ्या हातात तो नुसता खडखडला, आणि त्या पोट धरून हसल्या.