महाग ते चांगले काय?



वसंत व्याख्यानमालांच्या व्यासपीठांवरून वेदान्तापासून अर्थसंकल्पापर्यंत नाना विषयांवर व्याख्याने होत आलेली आहेत. त्यांच्या पंगतीत आज आम्ही साबण, धुण्याची पावडर आणि तोंडाला लावावयाचे क्रीम घेऊन उभे राहिलो आहोत, याचे काही श्रोत्यांना हसू येईल. येऊ द्या. पण १९६६ साली मुंबईत नऊ स्त्रियांनी मिळून ‘कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया’ ही संस्था काढली, आणि १९७५ साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने शेजारपाजारच्या कुटुंबांचे संघ करून महिन्याचे सामान एकत्र आणावयास आरंभ केला, तेव्हा त्यांनीही अशाच लहानसहान वस्तूंपासून सुरुवात केली होती. ज्या वस्तूवर घरचा पैसा दरमहा खर्च होतो आणि जी रोज अंगाला लागते, तिला क्षुल्लक कोणी म्हणावे?

प्रश्न सोपा आहे. दुकानात एकाच कामाच्या दोन वस्तू शेजारी शेजारी मांडलेल्या असतात. एकीची किंमत दुसरीच्या पाचपट, कधी दहापट. महाग वस्तू काम अधिक चांगले करते काय?

‘जसे दाम तसे काम’ ही म्हण सुतार-शिंप्यांच्या बाबतीत खरी आहे, कारण त्यांचे काम डोळ्यांना दिसते. तुरीची डाळ घेताना आपण चार दाणे तळहातावर घेऊन पाहतो, तांदूळ नाकाशी नेतो. क्रीमच्या डबीपुढे मात्र हे डोळे आणि हे नाक उपयोगाचे नाहीत. आत काय आहे हे कळत नाही, आणि लावल्यावर आलेला फरक कशाने आला हेही कळत नाही. मग आपण ज्या एका गोष्टीचा अर्थ लावू शकतो, ती म्हणजे किंमत. तिलाच साक्षीदार करतो. हा साक्षीदार किती भुलवतो, हे २००८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसून आले. ८२ माणसांच्या मनगटाला विजेचे सौम्य झटके देऊन त्यांना एक गोळी देण्यात आली. ही नवी वेदनाशामक गोळी आहे असे सर्वांना सांगितले होते. वस्तुतः तीत औषधाचा कणही नव्हता. निम्म्या लोकांना गोळीची किंमत अडीच डॉलर सांगितली, उरलेल्यांना ती सवलतीत दहा सेंटना मिळते असे सांगितले. महाग गोळी घेणाऱ्यांपैकी ८५ टक्क्यांना दुखणे कमी झाल्याचे जाणवले, स्वस्त गोळी घेणाऱ्यांपैकी ६१ टक्क्यांना. गोळी तीच होती. तेव्हा ‘आम्हांला महागाचाच गुण येतो’ असे कोणी म्हणाले, तर ते खोटे बोलत नाहीत. गुण येतो, पण तो डबीतून आला की पावतीतून, हे त्यांनाही ठाऊक नसते.

आता साबणाकडे वळू. तेल किंवा चरबी आणि कॉस्टिक सोडा यांच्या संयोगाने साबण होतो, मग तो कोणत्याही वेष्टणात असो. आपल्याकडे वडीच्या वेष्टणावर बारीक अक्षरांत ‘टी. एफ. एम.’ म्हणून एक आकडा छापलेला असतो. ते एकूण स्निग्धांशाचे प्रमाण होय. भारतीय मानकाप्रमाणे पहिल्या प्रतीच्या अंगाच्या साबणात तो निदान ७६ टक्के हवा, दुसऱ्या प्रतीत ७०, तिसऱ्या प्रतीत ६०. आणि ज्याला ‘बेदिंग बार’ म्हणतात त्यात ४० टक्के असला तरी चालतो. आकडा मोठा असेल तर वडीत भर कमी, आणि ती पाण्यात लवकर विरघळून लगदा होत नाही. मौज अशी की हा आकडा आणि किंमत हातात हात घालून चालत नाहीत. जाहिरातीत नट्या मिरवणारी वडी कधी खालच्या प्रतीची निघते, आणि खालच्या फळीवरची साधी वडी पहिल्या प्रतीची. मात्र या आकड्यावरून साबण कातडीला किती सौम्य आहे हे कळत नाही. तसा समज पसरला आहे, तो सोडून द्यावा. ज्यांची कातडी फार कोरडी आहे, त्यांना साबणच नसलेल्या, कृत्रिम मलनिःसारकाच्या वड्या अधिक मानवतात. त्या महाग असतात, आणि तेथे जास्त पैशाला खरेच कारण असते.

सुवासाचे काय? म्हैसूर संस्थानाने १९१६ साली बंगळूरला साबणाचा कारखाना काढला आणि वडीत अस्सल चंदनाचे तेल घातले. त्या तेलाने मळ अधिक निघतो असे नव्हे. पण दिवाळीच्या पहाटे त्या वासासाठी कोणी चार पैसे जास्त दिले, तर आम्ही त्याला उधळपट्टी म्हणणार नाही. आपण वासाचे पैसे देत आहोत एवढे मनाशी ठाऊक असले म्हणजे झाले.

कपडे धुण्याच्या पावडरीचा इतिहास मात्र थोडा थांबून पाहण्यासारखा आहे. १९५९ साली आपल्या देशात सर्फ आली. साबणाची वडी घासून धुणाऱ्या घरांत तिचे अप्रूप झाले, आणि त्याला कारणही होते. बोअरच्या जड पाण्यात साबणाला फेस येत नाही, उलट त्याचा चिकट पांढुरका थर कपड्यावर बसतो; पावडरीचे तसे होत नाही. पण तिची किंमत सामान्य घराला झेपणारी नव्हती. पुढे १९६९ साली अहमदाबादच्या करसनभाई पटेल यांनी घरच्या घरी निरमा पावडर बनवून सायकलवरून दारोदार विकावयास आरंभ केला. किलोला सुमारे तीन-साडेतीन रुपये. सर्फ तिच्या चौपट. थोड्याच वर्षांत निरमा गावोगाव पोहोचली, आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस सर्फच्या कंपनीला स्वतःचीच एक स्वस्त पावडर, व्हील, बाजारात आणावी लागली. लाखो घरांनी महाग-स्वस्ताचा निकाल आपापल्या मोरीत लावला तो असा.

हा निकाल बरोबर होता काय? कपड्यांपुरता पुष्कळसा बरोबर होता. रोजच्या घामाचे, धुळीचे कपडे साध्या पावडरीने स्वच्छ निघतात. महाग पावडरीत दोन गोष्टी जास्त असतात. एक, कपडा उजळ दाखवणारे द्रव्य. ते उन्हातले अदृश्य अतिनील किरण शोषून निळसर प्रकाश बाहेर टाकते, त्यामुळे सदरा अधिक शुभ्र दिसतो. मळ तेवढाच निघालेला असतो. आपल्या आज्या याच कामासाठी शेवटच्या पाण्यात नीळ घालीत आणि त्यासाठी फार खर्चही करीत नसत. दुसरी गोष्ट म्हणजे विकरे, ज्यांना एन्झाइम म्हणतात. ही मात्र खरी कामाची आहेत. रक्त, दूध, अंडे यांचे डाग प्रथिनांचे असतात. त्या प्रथिनांचे विकर तुकडे करते, आणि सोड्याने न जाणारा डाग कोमट पाण्यात निघतो. घरात तान्हे मूल असेल, आजारी माणूस असेल, तर तेथे महाग पावडर आपले पैसे फेडते. फक्त पैठणी आणि लोकरीची शाल तिच्यापासून दूर ठेवावी, कारण रेशीम आणि लोकर हीदेखील प्रथिनेच आहेत. फेसाविषयी एवढेच सांगतो की फेस म्हणजे स्वच्छता नव्हे.

पण हिशेब येथे संपत नाही. स्वस्त पावडरीत धुण्याच्या सोड्याचा भरणा मोठा असतो. सोडा पाणी मऊ करतो, तेलकटपणा काढतो, आणि स्वस्त असतो. मात्र त्याचे पाणी चांगलेच क्षारधर्मी असते आणि माणसाची कातडी किंचित आम्लधर्मी. रोज तास-दीड तास त्या पाण्यात हात राहिले की कातडीतला स्निग्धांश जातो, बोटांना भेगा पडतात, नखांच्या कडा सुजतात. आता घरोघर धुलाईचे यंत्र आले आहे. कित्येक घरांतून असे दिसते की यंत्रासाठी महाग द्रव आणतात, कारण यंत्र बिघडेल. आणि धुण्याभांड्याला येणाऱ्या बाईंच्या बादलीसाठी सर्वांत स्वस्त पावडरीचा मोठा पुडा येतो. यंत्राची काळजी रास्त आहे. पण तो पुडा आपल्याला स्वस्त पडला याचा अर्थ त्याच्या किमतीचा काही भाग कोणा दुसऱ्याच्या बोटांनी भरला, असा होतो. वाण्याच्या वहीत त्याची नोंद नसते. रबरी हातमोज्यांची एक जोडी आणि आठवड्याला थोडे खोबरेल तेल, एवढ्याने तो भाग बराच कमी होतो. घेणारी एक आणि वापरणारी दुसरी असेल, तेथे स्वस्ताई कोणाची हे विचारल्याशिवाय आमच्या मूळ प्रश्नाला उत्तर मिळत नाही.

तोंडाच्या क्रीमची गोष्ट वेगळी. तेथे घेणारी आणि लावणारी बहुधा एकच, आणि फसगत झाली तर तिची तिलाच. बहुतेक क्रीमांत निम्म्याहून अधिक पाणी असते. उरलेल्यात कातडीतले पाणी उडू न देणारे तेल वा मेण, आणि पाणी धरून ठेवणारे ग्लिसरीनसारखे द्रव्य. कातडी मऊ राखण्याचे काम एवढ्यानेच होते. रॉबर्ट चेसब्रो यांनी १८७२ साली ज्याचे पेटंट घेतले ते व्हॅसलीन, म्हणजे साधी पेट्रोलियम जेली, पाणी उडू न देण्याच्या कामात आजही पहिल्या रांगेत आहे. ती चिकट लागते, उन्हाळ्यात नकोशी होते, हे खरे. महाग क्रीम लावावयास सुखद असते. त्या सुखाचे मोल कोणी द्यावे, कोणी न द्यावे.

महाग डबीवर केशर, मोती, सोने, कोलॅजन अशी नावे मोठ्या अक्षरांत असतात. डबी उलटी करून घटकांची यादी पाहावी. आपल्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांप्रमाणे एक टक्क्याहून अधिक असलेले घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावे लागतात. सुवासिक द्रव्यानंतर, रंगाच्या आसपास केशर सापडले, तर ते किती असेल याचा अंदाज कोणालाही करता येईल. कोलॅजनचा रेणू तर एवढा मोठा असतो की तो निरोगी कातडीतून आत शिरूच शकत नाही. सुरकुत्यांवर ज्याचा परिणाम सर्वांत चांगला सिद्ध झालेला आहे ते ट्रेटिनॉइन हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवर साध्या ट्यूबमध्ये मिळते आणि तुलनेने स्वस्त असते. मात्र ते गरोदरपणात वर्ज्य आहे, आणि मनाने लावण्याची वस्तू नव्हे.

उन्हापासून रक्षण करणाऱ्या क्रीमविषयी एक गंमत सांगावीशी वाटते. त्यांच्यावर एस. पी. एफ.चा आकडा असतो. ३० चा आकडा असेल तर कातडी भाजणारे सुमारे ९७ टक्के किरण अडतात, ५० असेल तर ९८ टक्के. पण हा आकडा प्रयोगशाळेत ठरतो तो कातडीच्या दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम क्रीम लावून. घरी बहुतेक माणसे त्याच्या निम्मेही लावीत नाहीत. ट्यूब जितकी महाग तितकी ती जपून पिळली जाते! म्हणजे जास्त पैसे देऊन आणलेले रक्षण काटकसरीने पातळ होते, आणि साधी ट्यूब भरपूर फासणारी मुलगी अधिक सुरक्षित राहते. येथे स्वस्त वस्तू स्वस्त असल्यामुळेच अधिक चांगले काम करते. असे उदाहरण क्वचितच सापडते.

शेवटी एका विषयाकडे यावे लागते, आणि तेथे हसण्यासारखे काही नाही. आपल्या देशात गोरे करणाऱ्या क्रीमचा बाजार फार मोठा आहे. फेअर अँड लव्हली १९७५ साली निघाली आणि २०२० साली कंपनीने नावातला ‘फेअर’ हा शब्द काढला. नाव बदलले, पण लग्नाच्या बाजारातली मागणी तशीच आहे. ज्यांना या क्रीमने फरक दिसत नाही, त्या अधिक जालीम काहीतरी शोधतात. कोणी औषधाच्या दुकानातून स्टेरॉइड असलेली ट्यूब आणून महिनोन्महिने तोंडाला लावते. प्रथम चेहरा उजळतो, मग कातडी पातळ होते, लाल पडते, आणि ट्यूब थांबवली की आग होते. २०१८ साली सरकारने अशी मलमे चिठ्ठीशिवाय विकू नयेत असे ठरवले. कोणी पाऱ्याचे क्रीम लावते. पारा कातडीतले रंगद्रव्य तयार होऊ देत नाही, म्हणून तो ‘गुण’ झटपट दाखवतो. आणि कातडीतून रक्तात व मूत्रपिंडात जातो. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यातील कोट्टक्कल येथील डॉक्टरांनी २०२१ ते २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे २२ रुग्ण तपासले. त्यांपैकी १५ जणांत त्याचा एक दुर्मीळ प्रकार आढळला, आणि त्या १५ पैकी १३ जणांनी गोरे होण्याचे क्रीम वापरल्याचे सांगितले. पाय सुजणे, लघवीला फेस येणे, एवढ्यावरून हे सुरू होते. सुदैवाने क्रीम थांबवल्यावर बहुतेक बरे झाले.

या ठिकाणी महाग की स्वस्त हा प्रश्नच गळून पडतो. पाऱ्याचे क्रीम स्वस्तही असते आणि परदेशी म्हणून महागही विकले जाते. पाहावयाचे ते निर्मात्याचे नाव व पत्ता, परवान्याचा क्रमांक, बॅचचा क्रमांक, मुदत आणि घटकांची यादी. आठ दिवसांत गोरे करण्याची हमी देणारी, बिननावाची सुटी डबी कोणी हातावर ठेवली, तर तीवर यांतले काहीही नसते. किंमत तेवढी तोंडी सांगतात.