चित्रांची वाट अचलपूरपर्यंत
(अचलपूर येथे कार्यकर्त्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात कापसाचा भाव, विजेचे दर, रोजगार हमी हे विषय ठरलेले असतात. त्यांच्या जोडीला जगभरच्या चित्रप्रदर्शनांचा विषय आला की कपाळाला आठ्या पडणे स्वाभाविक आहे. ज्या गावची फिनले मिल २०२० च्या टाळेबंदीत बंद पडली आणि शेकडो घरांच्या चुली संकटात आल्या, त्या गावात व्हेनिसच्या प्रदर्शनाची चर्चा कशासाठी, असे कोणीही विचारील. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर अचलपूरच्या रेल्वे स्टेशनातच सापडते.

शकुंतलेचे अरुंद रूळ इंग्रज कंपनीने टाकले, ते वऱ्हाडी माणसाला तीर्थयात्रा घडावी म्हणून नव्हे. इथला कापूस मूर्तिजापूरला, तिथून मुंबई बंदराला आणि पुढे मँचेस्टरच्या गिरण्यांना पोचावा, हा त्यामागचा हेतू. पिकले इथे, भाव ठरला तिकडे, आणि कापड होऊन परत आले ते विकत घेण्यासाठी. कलेच्या जगाचा नकाशाही बऱ्याच अंशी असाच आखलेला आहे. माणसे आणि त्यांचे श्रम खेड्यापाड्यांतले. किंमत आणि कीर्ती मात्र काही थोड्या शहरांत ठरते. ज्याला परावलंबनाचे अर्थशास्त्र कळते, त्याला हे समजायला वेगळे शिक्षण लागत नाही.

व्हेनिसचे द्वैवार्षिक प्रदर्शन १८९५ साली सुरू झाले. तिथे देशादेशांची स्वतंत्र दालने असतात आणि ज्या राष्ट्रांनी साम्राज्याच्या काळात उत्तम जागा धरल्या, त्यांच्या इमारती आजही मोक्याच्या ठिकाणी उभ्या आहेत. २०१५ साली या प्रदर्शनाची सूत्रे नायजेरियात जन्मलेल्या ओक्वुई एन्वेझॉर यांच्याकडे होती. त्यांनी प्रदर्शन चालू असेपर्यंत मार्क्सच्या ‘कॅपिटल’चे जाहीर वाचन ठेवले. ज्या शहरात उद्घाटनाच्या दिवसांत धनिकांच्या आलिशान नौका नांगर टाकतात, तिथे महिनोन्‌महिने अतिरिक्त मूल्याचा सिद्धांत वाचला जात होता! यावर हसून मोकळे होणे सोपे आहे. भांडवलशाही आपल्यावरची टीकाही तिकीट लावून विकू शकते, हा धडा त्यात आहेच. पण तो अर्धाच धडा झाला.

उरलेला अर्धा अबुधाबीत मिळतो. तेथील सादियात बेटावर गुगेनहाइम संग्रहालयाची नवी इमारत उभारण्याचे ठरले. बेटावर राबणारे मजूर भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ या देशांतले. नोकरी मिळवण्यासाठी दलालांचे कर्ज डोक्यावर घेऊन गेलेले. २०११ साली १३० हून अधिक कलावंतांनी आणि लेखकांनी जाहीर केले, की या मजुरांच्या हक्कांची हमी मिळेपर्यंत त्या संग्रहालयाशी सहकार्य करणार नाही. आपले काम विकत घेणाऱ्या संस्थेलाच त्यांनी नकार दिला. या चळवळीतले मुंबईचे कलावंत अशोक सुकुमारन यांना २०१५ मध्ये संयुक्त अरब अमिरातीने व्हिसा नाकारला. कलावंत हा श्रमिकांचा सोबती होऊ शकतो, याचा हा जिवंत पुरावा आहे. मात्र हे नाते आपोआप जुळत नाही, त्यासाठी संघटना लागते.

आता विदर्भाकडे वळू. चंद्रपूर जिल्ह्यातील सास्ती या कोळसा खाणींच्या गावात १९८६ साली प्रभाकर पाचपुते यांचा जन्म झाला. घराण्याच्या पिढ्या खाणीत राबलेल्या. त्यांनी चित्र काढायला कोळसाच हाती घेतला. त्यांच्या चित्रांत माणसाच्या डोक्याच्या जागी कधी खाणीतला दिवा येतो, कधी अवजार. २०१८ च्या मार्चमध्ये नाशिकहून मुंबईला पायी आलेल्या शेतकऱ्यांचे तळव्यांना फोड आलेले पाय महाराष्ट्राने पाहिले. त्याच वर्षीच्या कोचीच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात पाचपुते यांनी शेतकऱ्यांचा प्रतिकार हाच विषय मांडला. पुढे वेल्समधील कार्डिफ येथे ‘आर्तेस मुंडी’ या प्रदर्शनासाठी त्यांनी तिथल्या खाण कामगारांच्या लढ्यांचा आणि निशाणांचा आधार घेतला. कार्डिफ हे एकेकाळी कोळशाचे मोठे बंदर होते. सास्तीचा खाणमजूर आणि वेल्सचा खाणमजूर एका भिंतीवर भेटले. २०२१ साली त्या प्रदर्शनाचा पुरस्कार निवडलेल्या सहाही कलावंतांना मिळून देण्यात आला. आंतरराष्ट्रीय बंधुभाव हा शब्द आपण ठरावांत अनेकदा लिहितो. इथे तो कोळशाने रेखाटलेला आहे.

दुसरे नाव अमोल पाटील यांचे. आजोबा पोवाडे रचणारे, वडील नाटककार, वास्तव्य मुंबईच्या कामगार वस्तीत. जर्मनीतील कासेल हे शहर दुसऱ्या महायुद्धात बेचिराख झाले होते. तिथे १९५५ पासून ‘डॉक्युमेंटा’ हे प्रदर्शन भरते. २०२२ साली त्याची धुरा जाकार्ताच्या ‘रुआंगरुपा’ या गटाकडे होती. इंडोनेशियात गावाच्या सामाईक भातकोठाराला ‘लुंबुंग’ म्हणतात. जास्तीचे धान्य तिथे ठेवायचे आणि गावाने मिळून वापर ठरवायचा. या कल्पनेवर त्यांनी सारे प्रदर्शन उभे केले. अमोल पाटील यांचे काम याच प्रदर्शनात होते. तिथे सारे सुरळीत झाले असे नाही. एका भव्य चित्रातील ज्यूद्वेषी प्रतिमांमुळे मोठे वादळ उठले आणि ते चित्र उतरवावे लागले. सामुदायिक कोठाराची राखणही समुदायानेच डोळसपणे करायची असते, हेच त्यातून दिसले.

कोळशाच्या खाणी आणि कामगार चाळी जगाच्या भिंतींवर पोचल्या. परंतु ज्यांचे जगणे त्या चित्रांत आहे, त्यांनी ती कुठे पाहायची?

या प्रश्नाला महाराष्ट्रात एकदा नेटके उत्तर मिळाले होते. ठाण्याचे सुधीर पटवर्धन हे पेशाने क्ष-किरण तज्ज्ञ, आणि मुंबईच्या श्रमिकांचे चित्रकार. त्यांच्या ‘लोअर परळ’ या चित्रात बदलत्या गिरणगावाचे दर्शन घडते. अचलपूरच्या मिलचे नावही त्याच गिरणगावातून आलेले आहे. २००८-०९ मध्ये पटवर्धनांनी ‘विस्तारणारी क्षितिजे’ हे समकालीन भारतीय चित्रकारांचे फिरते प्रदर्शन सिद्ध केले. मूळ चित्रे नागपूर, अमरावती, सोलापूर, कोल्हापूर अशा शहरांत आली. अमरावती म्हणजे इथून पन्नासेक किलोमीटर! पण हा उपक्रम ‘बोधी आर्ट’ या खासगी कलादालनाच्या बळावर उभा होता. २००८ च्या जागतिक मंदीत चित्रांचा बाजार कोसळला आणि देशोदेशी शाखा काढलेल्या या संस्थेलाही आपली दालने बंद करावी लागली. बाजाराने आणलेली पालखी बाजारानेच मध्ये ठेवली. वाहणारे खांदे समाजाचे असते, तर ती तालुक्यापर्यंत आली असती.

केरळने वेगळी वाट धरली. २०१२ साली बोस कृष्णमाचारी आणि रियास कोमू या चित्रकारांनी कोचीचे द्वैवार्षिक प्रदर्शन सुरू केले, तेव्हा राज्य सरकारने त्यासाठी सार्वजनिक पैसा दिला. वाद झाले, तरीही विद्यार्थी, कामगार, गृहिणी बंदरावरच्या जुन्या गोदामांत चित्रे पाहायला आले. ज्या गोदामांतून मसाल्याचे पदार्थ परदेशी गेले, तिथे आता जगाची चित्रे येतात. प्रवाहाची दिशा बदलता येते, ती अशी.

महाराष्ट्राने वाचनाच्या बाबतीत हे केलेले आहे. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने गावोगावच्या वाचनालयांना अनुदानाचा आधार मिळाला. चित्रांसाठी तशी व्यवस्था नाही. दरवर्षी खेड्यापाड्यांतली मुले एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षा देतात, रंगपेटी उसनी आणून स्थिरचित्र काढतात. आणि त्यांतली बहुसंख्य मुले एकही मूळ चित्र न पाहता मोठी होतात. या मुलांना कविता वाचू न देता मात्रा मोजायला लावण्यासारखाच हा प्रकार आहे.

म्हणून मागण्या साध्या असाव्यात. जनतेच्या पैशातून घेतलेली आणि शासकीय संग्रहांत पडून असलेली चित्रे, योग्य ती काळजी घेऊन, तालुक्याच्या ठिकाणी फिरवावीत. शाळांतील कलाशिक्षकांची पदे भरावीत. प्रदर्शनाबरोबर मराठीत आणि कोरकूत समजावून सांगणारी माणसे असावीत. जागेची सबब चालणार नाही. डिसेंबरअखेर बहिरमची यात्रा भरते, महिनाभराहून अधिक काळ चालते, दूरदूरची माणसे येतात. या परिसरात गाडगेबाबांनी खराटा आणि कीर्तन घेऊन समाजाला शहाणे केले. त्यांना सभागृह लागले नाही. त्या यात्रेत एक तंबू चित्रांचा उभारता येईल. पाचपुते यांच्यासारख्या चित्रकारांना तिथे निमंत्रण देता येईल.

कष्टकऱ्याला आधी भाकर, मग चित्र, असे कोणी म्हणेल. मेळघाटातला कोरकू मृतांच्या स्मरणार्थ लाकडी खांबावर चंद्र-सूर्य कोरतो, तो पोट भरल्यावर उरलेल्या फुरसतीत नव्हे. सौंदर्याची भूक भाकरीच्या रांगेत मागे उभी राहत नाही. मिल चालू करण्याची मागणी आणि चित्रांच्या तंबूची मागणी एकाच निवेदनात लिहिता येते. तसे निवेदन येत्या यात्रेपूर्वी अचलपूरच्या कार्यकर्त्यांनी तयार करावे.