कालवण वाढवा, पण पाण्यानं नको

आम्ही बचत गटांच्या समन्वयाचं काम करतो. महिन्यातले बरेच दिवस तुमच्याच ओटीवर बसलेले असतो. वह्या तपासून होतात, हप्ते मोजून होतात, आणि मग बोलणं हमखास एकाच ठिकाणी येतं. तेल महागलं, डाळ महागली, घरात खाणारी तोंडं तेवढीच. पुरवायचं कसं? आज आपण त्यावरच बोलू.

पुरवायचं कसं हे तुम्हाला कुणी शिकवायला नको. पाहुणा अचानक आला तर कालवणात तांब्याभर पाणी ओतायचं, मीठ-मसाला थोडा वाढवायचा, भात मापटंभर जास्त टाकायचा. पोट भरतं, वेळ निभावते. पण हेच रोज झालं तर काय होतं ते बघा. ताटात भाताचा ढीग आणि त्यावर रंगीत पाणी. पोट फुगतं, पण तासा-दोन तासांत पुन्हा भूक लागते. अंगात ताकद येत नाही. आणि पातेल्याच्या तळाशी उरलेलं सगळ्यात पातळ कालवण कुणाच्या वाटीत जातं? जी शेवटी जेवते तिच्या. म्हणजे आपल्याच.

म्हणून आजचं सांगणं एवढंच आहे. जेवण वाढवायचं असेल तर ते चुलीवर ठेवण्याआधी वाढवा, वाढताना नको. आणि वाढवायचं ते पाण्यानं नाही, कडधान्यानं, पाल्यानं आणि कंदमुळांनी.

आपला भाग भाताचा. कर्जतच्या संशोधन केंद्रातून निघालेल्या भाताच्या जाती महाराष्ट्रभर पेरल्या जातात. भातावर आपलं प्रेम आहे आणि ते असावंच. पण नुसत्या भातावर शरीर चालत नाही. १०० ग्रॅम तांदळात सात-आठ ग्रॅम प्रथिनं असतात. प्रथिनं म्हणजे ज्यातून अंगावर मांस धरतं, जखम भरते, पोरांची वाढ होते, ते बळ. तेवढ्याच वालात, कुळथात, मुगात किंवा मसुरात ती २० ते २५ ग्रॅम असतात. सोयाबीनच्या वड्यांमध्ये जवळपास ५० ग्रॅम, आणि सुक्या जवळ्यात त्याहूनही जास्त.

याचा चुलीपुरता हिशेब सोपा आहे. तीन वाट्या तांदळाला एक वाटी कडधान्य किंवा डाळ. त्या एका वाटीतून जवळजवळ तेवढीच प्रथिनं मिळतात जेवढी तीन वाट्या तांदळातून. शिवाय तांदळात जे कमी असतं ते डाळीत असतं आणि डाळीत जे कमी ते तांदळात. दोन्ही एका जेवणात आली की एकमेकांची उणीव भरून काढतात. आपल्या आजीच्या वरणभाताचं आणि खिचडीचं गुपित हेच होतं. रोज दोन्ही वेळेला एवढी डाळ परवडत नसेल तर एका वेळेला तरी हे माप पाळा.

आता महागडी तूरडाळच हवी असं काही नाही. आपल्याकडचा वाल घ्या. भात कापला की त्याच शेतात उरलेल्या ओलीवर वाल येतो. पाव किलो कडवे वाल रात्री भिजत घाला. सकाळी निथळून फडक्यात घट्ट बांधा. मोड आले की कोमट पाण्यात टाकून साली काढा. भिजून, सोलून ते जवळजवळ दुप्पट होतात. पाच-सहा माणसांच्या घरात यातल्या निम्म्या बिरड्यात दुधी, सुरण, लाल भोपळा किंवा शेवग्याच्या शेंगा घातल्या की एक वेळ भागते. उरलेलं दुसऱ्या दिवसाला. फणसाच्या दिवसांत आठळ्या फेकू नका. धुऊन, वाळवून, मातीत घोळवून ठेवल्या तर पावसात बिरड्यात आणि सुकटीच्या कालवणात घालता येतात. बटाट्याचा खर्च वाचतो. एक मात्र लक्षात ठेवा, वाल पुरता शिजवायचा. अर्धाकच्चा वाल पोटाला बाधतो.

दुसरा कुळीथ. भाजून, भरडून, पीठ करून डब्यात भरून ठेवा. संध्याकाळी मजुरीवरून उशीर झाला की कांदा-लसणाची फोडणी, पाणी, चार-पाच मोठे चमचे पीठ आणि दोन आमसुलं. पंधरा मिनिटांत पाच माणसांचं पिठलं तयार. यात शेवग्याचा कोवळा पाला मूठभर घातला तर चवही येते आणि कसही. शेवग्याचं झाड तर परसातच असतं. शेंगांना आपण किंमत देतो, पाला गळून जातो.

तिसरी आपली सुकट. पावसाळ्याआधी अगोटीला जवळा, सुके बोंबील भरून ठेवायची आपली जुनी रीत. सुकट नुसती तळून खाल्ली तर दोघांत संपते. तीच मूठभर सुकट भाजून, धुऊन, वांग्यात, टाकळ्यात किंवा कांद्याच्या पातीत घातली तर सगळ्या घराला पुरते. मीठ मात्र बेतानं घाला, सुक्या मासळीत ते आधीच असतं.

भाकरीचंही तसंच. तांदळाच्या पिठात तिसरा हिस्सा नाचणीचं पीठ मिसळा. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तांदळात ते दहाच्या आसपास. ज्या बाईची कंबर दुखते, जिचं बाळ अंगावर पितं, तिच्यासाठी ही भाकरी हवीच. एकेकाळी आपल्या वरकस जमिनीवर नाचणी आणि वरी घरोघरी होती. आता माळ विकले गेले, तिथे फार्महाऊस उभे राहिले, आणि नाचणी विकत आणायची वेळ आली. ज्यांची जमीन अजून हातात आहे त्यांनी चार गुंठे तरी नाचणी लावावी, असं आम्ही सांगू.

आणि पावसातला पाला. कुर्डू, टाकळा, भारंगी, कवळा, फोडशी, करटुली, शेवळं, बांबूचे कोंब. आपल्या ठाकर आणि कातकरी बाया रानातून हे आणतात आणि कर्जत-नेरळच्या स्टेशनाबाहेर विकतात. शहरातली माणसं चांगले पैसे देऊन घेतात. विकायला काहीच हरकत नाही, चार पैसे यायलाच हवेत. पण टोपली उचलण्याआधी दोन जुड्या घरच्या पातेल्यासाठी काढून ठेवा. सगळा पाला शहरात आणि त्या पैशातून घरी बटाटे आणि पुड्या, हा सौदा आपल्या तोट्याचा आहे. पाला चिरून सरळ डाळीत टाकला तर एक वाटी डाळ दोन वाट्यांचं काम करते आणि ती पातळही होत नाही.

रानभाजीत एक काळजी घ्या. शेवळं काकडाच्या फळाबरोबर किंवा चिंचेबरोबरच शिजवायची, नाहीतर घसा खाजतो. कडूकंद तर नीट उकळून, वाहत्या पाण्यात ठेवून कडवटपणा घालवल्याशिवाय तोंडात घालू नये, विषबाधा होते. जी भाजी ओळखीची नाही ती जाणत्या आजीला दाखवल्याशिवाय खाऊ नका. आणि ज्या आज्या हे जाणतात त्यांच्याबरोबर आपल्या सुना-मुलींना एकदा तरी रानात पाठवा.

आता रेशनबद्दल. अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा. प्राधान्य कार्डावर महिन्याला माणशी पाच किलो धान्य, अंत्योदय कार्डावर कुटुंबाला ३५ किलो. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे. पाच माणसांच्या घराला २५ किलो, म्हणजे रोज माणशी साधारण १६५ ग्रॅम. कष्ट करणाऱ्या माणसाची यात एक वेळ भागते, दुसरी वेळ आपल्यालाच भागवावी लागते. म्हणून आपल्या हक्कातला एक किलोही सुटता कामा नये. पावती मागा. नवीन सुनेचं आणि बाळाचं नाव कार्डावर चढवा. कातकरी समाज आदिम जमातीत मोडतो, त्या कुटुंबांनी अंत्योदय कार्डासाठी अर्ज करावा. जी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात त्यांनी ध्यानात ठेवावं की अंगठा लावून दुसऱ्या गावच्या, दुसऱ्या जिल्ह्याच्या दुकानातही रेशन मिळू शकतं. कार्डाचा नंबर लिहून बरोबर ठेवा.

रेशनच्या तांदळात कधी कधी काही दाणे वेगळे दिसतात, पाण्यात तरंगतात. प्लास्टिकचे आहेत म्हणून कितीतरी जणी ते वेचून टाकतात. ते प्लास्टिक नाही. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ जीवनसत्त्व मिसळून केलेले ते दाणे आहेत. शंभर दाण्यांमागे एखादा असतो. टाकू नका. तांदूळ खूप चोळून धुऊ नका, आणि भाताची पेज गटारात जाऊ देऊ नका. ती कालवणात घाला किंवा मीठ घालून प्या.

बाळांचं मात्र वेगळं आहे. वर्ष-दीड वर्षाच्या बाळाचं पोट त्याच्या मुठीएवढं. त्यात पातळ डाळीचं पाणी भरलं तर दुसऱ्या कशाला जागाच राहत नाही. म्हणून बाळाचा घास घट्ट हवा, चमचा तिरका केला तरी ओघळू नये असा. मऊ भात, घट्ट डाळ, कुस्करलेला पाला आणि वर चमचाभर तेल. घरातल्या सगळ्यांचं कालवण करताना बाळाचं आधी काढून ठेवा.

आणि त्या पुड्या. दहा रुपयांच्या दोन पुड्या रोज, म्हणजे महिन्याला सहाशे रुपये. अंडं आठ रुपयांना धरलं तरी त्यात ७५ अंडी येतात. पोरं रडतात हे खरं. पण भाजलेले शेंगदाणे-गूळ, उकडलेले करांदे, मीठ लावलेले उकडलेले हरभरे हातावर ठेवले तर तीच पोरं खातात. सवय लागायला दोन-चार आठवडे जातात, एवढंच.

आता शेवटचं आणि मुख्य. गटाच्या बैठकीत आम्ही एक प्रश्न विचारतो, तुमच्या घरात शेवटी कोण जेवतं? जवळजवळ सगळ्या जणींचे हात वर जातात. मग विचारतो, काल तुमच्या वाटीत काय होतं? तेव्हा बैठक गप्प होते. २०१९ ते २१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायांच्या अंगात रक्त कमी आढळलं. लावणीला दिवसभर वाकणारी, मोळी डोक्यावरून आणणारी बाई जर रोज पातेल्याचा तळच खात असेल तर रक्त येणार कुठून?

म्हणून एक रीत लावून घ्या. भाजी-कालवण झालं की वाढायला बसण्याआधीच आपली वाटी भरून झाकून ठेवा. यात लाज नाही आणि कुणाचा अपमानही नाही. जमलं तर सगळ्यांनी एकत्रच बसा. ताटावर लिंबू पिळा किंवा आवळा, कच्चा आंबा घ्या, त्यानं पाल्यातलं, डाळीतलं लोह अंगी लागतं. चहा जेवणाला लागून नको, तासाभराचं अंतर ठेवा.

गटानं मिळून काय करता येईल? एक, वाल, कुळीथ, मसूर यांची पोती सुगीला एकत्र विकत घ्या आणि वाटून घ्या. दुकानातून पाव-पाव किलो घेताना जे जास्त जातात ते वाचतील. दोन, धान्य बँक. आपल्याच तालुक्यात कशेळ्याच्या अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स या संस्थेनं आदिवासी वाड्यांत धान्य बँका उभ्या केल्या होत्या. श्रावण-भाद्रपदात कणग्या रिकाम्या होतात तेव्हा बँकेतून धान्य उचलायचं आणि सुगी आली की थोडं वाढवून परत भरायचं. सावकाराच्या दारात जाऊन दीडपट फेडायची वेळ येत नाही. आता रेशनचा तांदूळ मिळतो, तर आपल्या गटांनी तांदळाच्या जागी कडधान्याची बँक करावी, असं आम्हाला वाटतं. दहा जणींनी सुगीला दोन-दोन किलो वाल-कुळीथ भरले तरी वीस किलो होतात. नीट वाळवून, कडुलिंबाचा सुका पाला घालून, घट्ट झाकणाच्या पिंपात ठेवायचे.

पुढच्या बैठकीला हप्त्याच्या वहीबरोबर एक कोरं पान ठेवा. प्रत्येकीनं सांगायचं की या आठवड्यात कडधान्य किती वेळा शिजलं आणि आपली वाटी किती वेळा आधी काढली. खरं तेच लिहा. महिन्यानं पुन्हा लिहा. आम्ही गावात येऊ तेव्हा ते पान आम्हाला दाखवा.