शार्कचा दात आणि त्याचा पत्ता



नागापूरला सीना नदीच्या पात्रात उतरलं किंवा इथल्या औद्योगिक वसाहतीत पाया खणताना पाहिलं, तर समोर येतो तो काळा कातळ. हा दख्खनचा बेसॉल्ट, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भेगांतून वाहत येऊन थिजलेला लाव्हा. अशा कातळाच्या पोकळ्यांत कॅल्साइटचे टोकदार स्फटिक वाढतात. दिसायला ते थेट दातासारखे, पण दात नव्हेत. शार्कचा दात शोधायचा तर समुद्रात, नदीत किंवा तळ्यात साचलेल्या गाळाचा खडकच गाठावा लागतो.

तसा खडक महाराष्ट्रातही आहे. गडचिरोली जिल्ह्यात सिरोंचा परिसरात प्राणहितेच्या काठी कोटा नावाचं गाव आहे. त्याच्याच नावानं ‘कोटा शैलसमूह’ ओळखला जातो. हे थर ज्युरासिक काळातले. नदीच्या दोन्ही तीरांना, तेलंगणातही पसरलेले. त्यांतल्या लेपिडोटस या जाड खवल्यांच्या माशाचं वर्णन 1851 मध्येच लंडनमध्ये छापून आलं. पुढे 1986 मध्ये पी. यादगिरी यांनी याच शैलसमूहातून लोंकिडिऑन इंडिकस या शार्कची नोंद केली. हा हायबोडॉन्ट गटातला, गोड्या पाण्यात राहणारा छोटा शार्क. त्याचे दात इतके बारीक, की चालता चालता नजरेला पडणं अशक्यच.

मग ते मिळतात कसे? मऊ खडक पाण्यात भिजवून बारीक चाळणीतून धुतात. चुनखडक असेल तर सौम्य ॲसेटिक आम्लात ठेवतात. चुना विरघळतो, पण दात फॉस्फेटचा असल्यानं टिकून राहतो. उरलेला कचरा वाळवून सूक्ष्मदर्शकाखाली पसरतात आणि ओल्या कुंचल्याच्या टोकानं एकेक दात उचलतात.

शार्कचे दातच का सापडतात, सांगाडा का नाही, यालाही कारण आहे. शार्कचा सांगाडा कूर्चेचा. तो लवकर कुजतो. दात मात्र कठीण, शिवाय रांगांनी उगवणारे. पुढचा पडला की मागचा पुढे सरकतो. एकच शार्क जन्मभरात हजारो दात टाकतो.

युरोपात असे दगडी दात सापांच्या जिभा समजले जात. 1666 मध्ये इटलीच्या लिव्होर्नोजवळ पकडलेल्या मोठ्या शार्कचं डोकं निकोलस स्टेनो यांनी फ्लॉरेन्समध्ये फाडून तपासलं आणि त्याचे दात या दगडांशी ताडून पाहिले. पुढच्याच वर्षी त्यांनी ते साम्य प्रसिद्ध केलं.

ओळखताना आधी मूळ आणि माथा वेगळे पाहावेत. माथा चकचकीत, मूळ खरबरीत. मग कडा. माको शार्कची कड गुळगुळीत. हेमिप्रिस्टिस सेराची कड जाड करवती, पण अगदी टोकाशी साफ. टायगर शार्कच्या दाताला एका बाजूला ठळक खाच. मेगालोडॉनच्या दातात माथा आणि मूळ यांच्यामध्ये गडद पट्टा दिसतो. आजच्या ग्रेट व्हाइटमध्ये तो नसतो. पाकटाचे दात बहुधा चपटे, फरशीसारखे. रंगावरून मात्र वय ठरवू नये; काळा, तपकिरी, राखाडी हे रंग ज्या गाळात दात पुरला गेला त्यातल्या खनिजांचे असतात.

या सगळ्यापेक्षा मोलाची गोष्ट म्हणजे दाताचा पत्ता. 2021 मध्ये जैसलमेरच्या ज्युरासिक खडकांतून स्ट्रोफोडस जैसलमेरेन्सिस ही शार्कची नवी जात जाहीर झाली. ते दात 16 ते 16.8 कोटी वर्षांचे, हे सांगता आलं ते कुठल्या थरातून आले याची नोंद असल्यामुळेच. बाजारात विकत घेतलेल्या दाताला असा पत्ता नसतो. कपाटात तो शोभेल, अभ्यासाला फारसा उपयोगी पडणार नाही.

म्हणून विनंती एवढीच. सिरोंचा असो की कच्छ, जीवाश्म दिसला तर तो उकरून खिशात टाकू नका. शेजारी नाणं किंवा पट्टी ठेवून फोटो काढा, जागा आणि थर लिहून ठेवा, आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नागपूर कार्यालयाला किंवा जवळच्या महाविद्यालयातल्या भूशास्त्र विभागाला कळवा.