वेबसाइटचे किती घ्यायचे?

(साहाय्यकांच्या सभेत केलेले भाषण)



आपल्या देणग्यांमुळे धडगाव-अक्कलकुव्याकडची काही आदिवासी मुले वेबसाइट बनवायला शिकली, हे आपण अहवालात वाचलेच आहे. मी त्यांना शनिवारी शिकवतो. काम त्यांना येते. आता अडते ते एका प्रश्नावर: "सर, किती सांगू?" समोर आपल्यासारखी ओळखीची माणसे असली की ती काहीच सांगत नाहीत. "तुम्हीच काय ते द्या," एवढेच म्हणतात.

लूकच्या 14व्या अध्यायात बुरूज बांधण्याआधी बसून खर्च मोजणाऱ्या माणसाचा दाखला आहे. आम्हीही वही घेऊन बसलो. घरखर्चाला महिना 16,000. लॅपटॉप 45,000 चा, तीन वर्षे चालला तर महिन्याला 1,250. इंटरनेट आणि फोन 1,250. प्रवास आणि लोडशेडिंगसाठी बॅटरी, 1,500. आजारपण आणि काम नसलेले दिवस यांसाठी 4,000. बेरीज झाली 24,000.

मुलांनी लगेच महिन्याच्या 200 तासांनी भागले आणि तासाला 120 रुपये काढले. इथेच गडबड होते. गिऱ्हाईक शोधणे, फोनवर बोलणे, पैशांसाठी फेऱ्या मारणे, नवे काही शिकणे, याचे पैसे कोणी देत नाही. नवख्या माणसाचा निम्मा वेळ यातच जातो. पैसे मिळतात असे तास 100 च धरावेत. म्हणजे तासाला 240. आम्ही 250 ठरवले. हा दर आमच्या भागातला, नवशिक्याचा आहे. शहरात भाड्याने राहणाऱ्याला तो पुरणार नाही.

मग तासांचा अंदाज. शाळेची पाच पानांची साधी वेबसाइट घ्या. बोलणे आणि आखणी 4 तास, पहिल्या पानाची रचना 8, बाकीची पाने 14, मजकूर व फोटो नीट करणे 6, फॉर्म जोडणे आणि मोबाइलवर तपासणे 5, शाळेच्या माणसाला शिकवणे 3. झाले 40. त्यावर चौथा हिस्सा अडचणींसाठी. 50 तासांचे 12,500 रुपये. डोमेन आणि होस्टिंगचा वार्षिक खर्च वेगळा, आणि तो गिऱ्हाइकाच्याच नावाने.

चौथा हिस्सा जास्त कशाला, असे एका मुलाने विचारले. मी म्हटले, तुझ्या आईला विचार. ती रोजगार हमीच्या कामावर गेलेली आहे. तिथे मऊ मातीचा दर वेगळा, मुरमाचा वेगळा, खडकाचा वेगळा; माती किती लांब टाकायची तेही धरतात. ज्या संस्थेचा मजकूर तयार आहे ती मऊ माती. जिथे फोटो कुणाच्या तरी जुन्या फोनमध्ये आहेत आणि इतिहास एका वृद्ध गुरुजींच्या तोंडी आहे, तो मुरूम. त्याला पुढच्याच आठवड्यात ते कळले. तेव्हापासून मुले प्रत्येक कामाचे खरे तास वहीत मांडतात. अंदाज सुधारायला याहून चांगला उपाय मला माहीत नाही.

आता थोडे बोचेल असे बोलतो. आमच्या एका मुलाने एका संस्थेचे काम 5,000 रुपयांना उक्ते घेतले. लेखी काही नव्हते. रंग चार वेळा बदलले, मग फोटोंचे दालन हवे झाले, मग इंग्रजी पाने. 70 तास लागले, म्हणजे तासाला 71 रुपये. शेवटी "ही प्रभूची सेवा समज" असे सांगून हजार रुपये कापले. लाबानाने आपली मजुरी दहा वेळा बदलली, असे याकोबाने उत्पत्ती 31 मध्ये म्हटले आहे, त्याची आठवण झाली. ज्याचे आईवडील मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला जातात, त्या मुलाला आपणही तसाच हिशेब दाखवायचा का?

सेवा करायला ही मुले तयार आहेत. मी त्यांना एवढेच सांगतो की बिलात 12,500 लिहा, आणि मनापासून द्यावेसे वाटले तर खाली "माझ्याकडून अर्पण 2,500" असे लिहून वजा करा. देणारा कोण, हे मग सर्वांना दिसते. मिळकतच झाली नाही तर दशमांश तरी कशाचा देणार?

निम्मे पैसे आधी, दुरुस्त्या दोन वेळा, त्यापुढे तासाप्रमाणे, हे आता कागदावर असते.

ज्या मंडळ्यांना वा शाळांना वेबसाइट हवी आहे त्यांनी येताना एक पान लिहून आणावे: कोणती पाने हवीत, मजकूर कोण देणार, फोटो कुठे आहेत, आणि शेवटचा होकार कोणाचा. त्या होकारापुढे एकच नाव असू द्या. पास्टोरेट कमिटीतले सात जण सात रंग सांगतात, आणि सातही तास बिलात येतात. पान मिळाले की मुले तास मोजून आठवडाभरात आकडा कळवतील.