वजनात पहिला, स्टार्चमध्ये दुसरा

उपवासाला आपण जो साबुदाणा भिजत घालतो, तो कुठल्या झाडाला दाण्यासारखा लागत नाही. टॅपिओका ऊर्फ कसावा नावाच्या झुडपाची मुळं जमिनीत फुगतात, त्यांच्या स्टार्चपासून तो करतात. आपल्याकडे येणारा बहुतेक साबुदाणा तमिळनाडूतल्या सेलम भागातल्या कारखान्यांतला. शेजारच्या केरळात मात्र हेच कंद उकडून माशाच्या कालवणाबरोबर खातात. तिथे त्याला कप्पा म्हणतात.

पिकांच्या तुलनात्मक चाचण्यांची आकडेमोड करण्यात माझी सारी नोकरी गेली. ‘यातला कुठला वाण जास्त पिकतो?’ हा प्रश्न मला नेहमी विचारला जाई. लोकांना वाटतं, काटा लावला की उत्तर मिळालं. टॅपिओकाच्या बाबतीत तरी तसं नाही.

हे पीक साधारण ९० सेंटिमीटर अंतरावर लावतात. म्हणजे हेक्टरी १२ हजारांवर झाडं. एका झाडामागे एक किलोचा फरक पडला, तर हेक्टरी १२ टनांचा फरक दिसतो! आणि हा किलो फार सहज चढतो. वाफ्याच्या कडेच्या झाडाला ऊन जास्त, जागा जास्त, त्यामुळे त्याचे कंदही मोठे. म्हणून २५ झाडांच्या वाफ्यातली कडेची १६ वगळायची आणि मधली नऊच तोलायची. एखादं झाड मेलेलं असेल, तर त्याचा शेजारी आयत्या जागेवर पोसतो, तेही पाहायचं. शिवाय शेताचा एक कोपरा कसदार, दुसरा मुरमाड. म्हणून प्रत्येक वाण तीन-चार ठिकाणी लावायचा आणि कुठे लावायचा ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. नाहीतर जमिनीचं श्रेय वाणाला मिळतं.

बेण्याचं तर विचारूच नका. टॅपिओका उसासारखाच खोडाच्या तुकड्यांनी लावतात. पानं चट्टेरी, वेडीवाकडी करणारा मोझॅक रोग पांढऱ्या माशीतून पसरतो, तसा या बेण्यातूनही येतो. नव्या वाणाचं निरोगी बेणं आणि जुन्याचं रोगट बेणं शेजारी लावलं, तर तुलना वाणांची होत नाही, बेण्यांची होते. असे तक्ते पाहिले की माझं डोकं फिरतं.

आता वजनाकडे येऊ. समजा, एका वाणाचे ३५ टन कंद निघाले आणि त्यात २२ टक्के स्टार्च आहे. दुसऱ्याचे ३० टनच, पण स्टार्च २८ टक्के. हिशेब केला तर पहिल्याचा स्टार्च ७.७ टन, दुसऱ्याचा ८.४! कारखानदार हे पुरतं ओळखून असतो. सेलमकडे स्टार्चच्या ‘पॉइंट’वर भाव ठरतो. मोजण्याची रीतही सोपी आहे. कंद आधी हवेत तोलायचे, मग पाण्यात बुडवून तोलायचे. स्टार्च जितका जास्त, तितकं पाण्यातलं वजन अधिक भरतं. मात्र हे काढणीच्या दिवशीच उरकायला हवं, कारण हे कंद दोन-तीन दिवसांतच आतून काळे पडू लागतात.

तिरुवनंतपुरमला १९६३पासून केंद्रीय कंदपिके संशोधन संस्था आहे. तिने १९७१मध्ये एच-१६५, एच-२२६ असे संकरित वाण दिले. वजनात ते सरस, आणि तमिळनाडूतल्या कारखान्यांच्या पट्ट्यात चांगले रुजले. केरळच्या घरांत मात्र मलायातून आलेल्या जुन्या एम-४ला मान राहिला. तो उत्पन्नात मागे, पण शिजतो छान आणि कडवट लागत नाही. चाचणीचा तक्ता नुसता टनांचा असता, तर एम-४ कधीच बाद झाला असता.

याच संस्थेचा १९९८चा ‘श्रीजया’ही असाच. कंद साधारण सात महिन्यांत तयार होतात. इतरांना नऊ-दहा लागतात, म्हणून टनांच्या रांगेत तो पुढे दिसत नाही. पण ज्याला त्याच शेतात पुढे भात लावायचा आहे, त्याला दहा महिन्यांचा वाण, मग तो कितीही वजनदार असो, परवडतच नाही.