मोजणीच्या साखळीचा वळ

(बुलढाणा येथील एका व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



जिजाऊसाहेबांच्या माहेरच्या जिल्ह्यात ऐतिहासिक कादंबरीवर बोलायचे, तर आरंभ शिवकालापासून व्हावा, अशी आपली अपेक्षा असणार. पुण्याच्या उजाड भूमीवर सोन्याचा नांगर फिरवल्याची कथा आपण मुलांना अभिमानाने सांगतो. त्या कथेतील सोने आपल्या ध्यानात राहते, नांगर धरणारे हात राहत नाहीत. मराठी ऐतिहासिक कादंबरीचेही काहीसे असेच झाले आहे. हरिभाऊ आपट्यांपासून पुढे तिने गड, दरबार आणि रणांगणे दिमाखाने उभी केली. सारा भरणारा कुणबी तिच्यात आला तो बहुधा गर्दीत उभे राहण्यापुरता.

आज मी आपल्याला मलकापूर ओलांडून, मुक्ताईनगरच्या पुढे सावदा-फैजपूरच्या वाटेवर नेणार आहे. आज तिथे दुतर्फा केळीच्या बागा आहेत. १८५२ साली तिथे सरकारी तंबू पडले होते. कंपनी सरकारची मोजणी खानदेशात पोहोचली होती. १८३०च्या दशकात इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी बसवलेली ही पद्धत. शेत साखळीने मोजायचे, मातीची खोली आणि दोष पाहून तिची आण्यांत प्रत ठरवायची, हद्दीवर दगड रोवायचे आणि तीस वर्षांसाठी सारा बांधून टाकायचा. कागदावर हे सारे चोख होते. परंतु ज्याच्या शेतातून साखळी ओढली जात होती, त्याला एवढेच कळत होते, की आज माप घेणारा उद्या जास्त मागायला येईल.

सावदा, यावल, एरंडोल या भागांत हजारो शेतकरी एकत्र आले आणि मोजणी थांबवा, असे त्यांनी अधिकाऱ्यांना तोंडावर सांगितले. अखेर सरकारला लष्कर आणावे लागले. म्होरके पकडले गेले, जमाव पांगला आणि साखळी पुन्हा शेतात उतरली.

हा उठाव पराभूत झाला, म्हणून कादंबरीने त्याला विसरावे काय? माझ्या मते, कादंबरीचे खरे काम इथूनच सुरू होते. दप्तरात अधिकाऱ्यांचे अहवाल असतात. जमावातल्या माणसाने आदल्या रात्री घरी काय सांगितले, हे दप्तरात नसते. ते लेखकाने शोधायचे असते. त्या वेळी त्याने सोय पाहू नये. त्या जमावात वतनदारांचा स्वार्थ किती होता आणि गरीब कुणब्याची भीती किती होती, हाही प्रश्न त्याने विचारावा. सगळे शेतकरी देवमाणसे आणि सगळे अधिकारी राक्षस, अशा कादंबरीने टाळ्या मिळतील, इतिहास हाती लागणार नाही.

आता त्या उठावाचा आपल्याशी संबंध काय, ते पाहू. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला आणि पुढच्या दशकात तीच मोजणी आपल्या शिवारात आली. ती साखळी तेहतीस फुटांची होती. आपण ज्याला गुंठा म्हणतो, तो त्या साखळीचा चौरस, म्हणजे १०८९ चौरस फूट. आपल्या सातबाऱ्यावर ‘आकार’ असा शब्द आजही असतो. तो त्या आकारणीचाच वारस आहे. मोजलेली, नोंदलेली जमीन नावावर आली. त्याबरोबर ती सहज गहाण पडू लागली आणि विकलीही जाऊ लागली. सारा रोखीने आणि ठरल्या तारखेला द्यायचा, पाऊस मात्र तारीख पाळत नाही. मधले अंतर सावकाराने भरून काढले. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि खते जाळली, त्यामागे वाढलेला सारा आणि कोसळलेले कापसाचे भाव होते. १८७९ साली त्यासाठी कायदाही झाला. परंतु शेतकऱ्याच्या मनावर उठलेला वळ कायद्याने गेला नाही.

शेतकरी आत्महत्यांच्या बातम्यांसाठी मी या जिल्ह्यातील अनेक घरांत बसलो आहे. २००६ साली केंद्र सरकारने विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले, त्यांत बुलढाणाही होता. अशाच एका घरात म्हाताऱ्या आईने पत्र्याच्या पेटीतून प्लास्टिकच्या पिशवीत जपलेला सातबारा काढला. ‘आकार’ म्हणून जेमतेम काही रुपये होते. शेजारी ‘इतर हक्क’ या रकान्यात कर्जाचा बोजा होता. तिला वाचता येत नव्हते, पण बोजा कुठे लिहिला आहे, ते तिचे बोट अचूक दाखवत होते. सारा नाममात्र झाला, भीतीने फक्त रकाना बदलला, हे मला त्या दिवशी कळले.

याच जिल्ह्याचे सदानंद देशमुख यांनी ‘बारोमास’मध्ये आजचा शेतकरी उभा केला आणि २००४ साली त्या कादंबरीला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्या शेतकऱ्याच्या पणजोबाची कादंबरी मला हवी आहे. कारण आज शेतकरी आपल्याला दिसतो तो बहुधा एकटा, वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, चार ओळींत. त्याचे पूर्वज एकदा हजारोंनी, खांद्याला खांदा लावून उभे राहिले होते, हे त्याच्या मुलाला कोणी सांगायचे?

इथे बसलेल्या तरुणांना माझी एकच विनंती आहे. घरी गेल्यावर सातबारा काढा आणि आजोबांजवळ बसा. हा बांध कोणी घातला, कोणते शेत कधी गेले, कशापायी गेले, ते विचारा आणि लिहून ठेवा. कादंबरी पुढे कोणीतरी लिहील. पण ज्यांना हे आठवते, ती माणसे तोवर थांबणार नाहीत.